मागची ओळ धरणारं मशीन

सुंदराबाईंना आयुष्यात पहिल्यांदा घट्ट विजार घालावी लागली ती उल्हासनगरच्या दवाखान्यात, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, आणि तीही हृदयासाठी. मशीनच्या पट्ट्यांनी कातडी सोलू नये म्हणून ती घालतात, असं टेक्निशियन प्राचीने समजावलं होतं. त्या पडद्याआडून बाहेर आल्या तेव्हा त्यांची जाऊ अंजनी खुर्चीवरून पडता पडता वाचली.

“अगो बाय, सर्कशीत नाव घातलंस काय?”

“हस, हस. उद्या तुला पण शिवून आणतो.”

जांभूळ आणि आजूबाजूच्या गावांत सुंदराबाई धवलारीण, म्हणजे हळदी-लग्नाचे धवळे म्हणणारी बाई. त्या ओळ म्हणायच्या, श्वास घ्यायला थांबल्या की अंजनी तीच ओळ मागून उचलायची. तीस वर्षं असंच चाललेलं. पण गेल्या वर्षापासून तिसऱ्या ओळीलाच छाती आवळू लागली. जिभेखाली गोळी ठेवून मांडवात बसावं लागायचं. दोन स्टेंट आधीच पडलेले, उरलेल्या रक्तवाहिन्या इतक्या बारीक की शस्त्रक्रिया करण्यात अर्थ नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग हा मशीनचा उपाय निघाला. रोज एक तास, अशा पस्तीस बैठका.

शेजारच्या महेंद्रच्या मुलीची, तेजस्वीची हळद आठ आठवड्यांवर होती. जन्मल्यावर तिला पहिली आंघोळ सुंदराबाईंनीच घातलेली. तिच्या हळदीला उभं राहून सगळे धवळे म्हणायचे, एवढंच त्यांना हवं होतं. महेंद्रने मात्र बदलापूरच्या डीजेचा नंबर घेऊन ठेवला होता. “काकी, तुम्हाला त्रास नको म्हणून,” असं वर गोड बोलायचा.

प्राचीने पिंढऱ्या, मांड्या आणि कंबर पट्ट्यांनी आवळली, छातीवर तीन तारा चिकटवल्या, बोटाला चिमटा लावला आणि मशीन सुरू केलं. फस्-धप, फस्-धप. पट्टे फुगत, सुटत, आणि प्रत्येक वेळी सुंदराबाई बिछान्यावर वीतभर उडत.

बाजूच्या बिछान्यावर कापडाचे व्यापारी गोविंदराम उडत होते.

“न-म-स्ते मौ-सी! न-यी आ-यी हो?”

“ह-व,” सुंदराबाई म्हणाल्या, आणि आपलाच आवाज ऐकून त्यांना असं हसू फुटलं की छातीवरच्या तारा थरथरल्या, पडद्यावरची रेघ वेडीवाकडी झाली आणि मशीन बंद पडलं.

चौथ्या दिवशी त्यांनी धपधपीच्या तालावर धवळा धरला. दोन ओळी छान गेल्या. मग मशीन जलद झालं.

“ताल सोडतंय मेलं!”

“काकी, मशीन ताल देत नाही. तुमचं हृदय देतं,” प्राची म्हणाली. “तुम्ही गायलात, ठोके वाढले, ते मागे धावलं. हृदय आकुंचन पावून थांबतं ना, त्या विश्रांतीत हे पायांतलं रक्त वर ढकलतं. तेव्हाच हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं. पुढचा ठोका पडायच्या आत सोडून देतं.”

सुंदराबाईंनी कान देऊन दोन-चार धपधपी मोजल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी दम घेतो तवा मागची ओळ हे धरतं. अंजे, ही तर तूच!”

“मी एवढी जाडी नाय,” अंजनी म्हणाली.

पुन्हा हसू, पुन्हा मशीन बंद. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पाच बैठका अर्धवट राहिल्या तेव्हा प्राचीने कॅलेंडर समोर धरलं. “हळदीपर्यंत पस्तीस हव्यात ना? मग गाणं बंद. हसणं बंद.”

सुंदराबाईंनी तोंड शिवल्यासारखं मिटलं. पण तासभर गप्प पडून त्यांचा चेहरा इतका उतरला, की अंजनीनेच हळू आवाजात धवळा सुरू केला. पहिली ओळ तिने कधी म्हटली नव्हती, त्यामुळे ती घाबरत म्हणत होती. गाण्यात नवरीचा मामा येण्याआधीच तिने मावशीला मांडवात आणून बसवलं. सुंदराबाईंना राहवलं नाही. बोलायचं नाही, म्हणून त्यांनी चूक दाखवायला बोट वर केलं. नेमकं चिमट्याचं बोट. टीं टीं टीं!

“काकी!” प्राची ओरडली.

“मा-मा र-ह ग-या क्या?” गोविंदरामांनी काळजीने विचारलं. रोज ऐकून त्यांना अख्खं वऱ्हाड पाठ झालं होतं.

तरीही पस्तिसावी बैठक हळदीच्या दोन दिवस आधी पार पडली. पहिल्या दिवशी दवाखान्याच्या बोळात चालून दाखवताना चौथ्या फेरीला छाती आवळली होती. आज अकरा फेऱ्या झाल्या, काही नाही. डॉक्टर म्हणाले, “आजार गेलेला नाही, सोसण्याची ताकद वाढलीय. गोळी जवळ ठेवा. आणि आवळल्यासारखं वाटलं की लगेच थांबा.”

हळदीला मांडवात डीजेचे दोन काळे डबे ठेवलेले होते. सुंदराबाई त्यांना वळसा घालून पाटाजवळ उभ्या राहिल्या. पहिली ओळ, दुसरी. तिसऱ्या ओळीला महेंद्रने हळूच डब्याच्या वायरीला हात घातला. अंजनीने मागची ओळ सुंदराबाईंकडे बघतच उचलली. सुंदराबाईंनी श्वास घेतला, थांबल्या, आत चाहूल घेतली. काही नाही. चौथी ओळ त्यांनी अशी खणखणीत सोडली की महेंद्रने वायर टाकून दिली.

तासाभराने छातीत बारीकशी कळ आली. त्या लगेच खुर्चीवर बसल्या, गोळी जिभेखाली ठेवली आणि अंजनीकडे पाहून मान हलवली. अंजनीने पुढची ओळ उचलली, न घाबरता, आणि गाणं कुठे तुटलं नाही. कळ विरली. तरी डॉक्टरांचं ऐकून त्या बसूनच राहिल्या, मागची ओळ हळू आवाजात धरत. हे जास्त मजेचं होतं. श्वास दुसऱ्याने घ्यायचा आणि आपण नुसतं टपून बसायचं!

दुपारी दोन वाजता आचारी ओरडत आला, “भात गार होतोय, आवरा!”

“जेवण कुठं पळतंय?” सुंदराबाई म्हणाल्या. नवऱ्याकडून उष्टी हळद घेऊन आलेल्या बायका समोर ऐटीत बसल्या होत्या. “आजून विहीणबाईंना गाण्यात नावं ठेवायची बाकी हायत. अंजे, नाकापासून धर.”