पिंजाऱ्याची तात

फाट्‌कन आवाज झाला आणि जबलपूरच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमधली वाद्यं एकेक करत गप्प झाली.

"किसका गया?" लोबो मास्तरांनी अकॉर्डियनचा भाता मिटत विचारलं.

"मेरा, सर," बेबी म्हणाली. तिच्या डबल बासची आतड्याची एक तार तुटून खाली लोंबत होती आणि तिच्या मनगटावर लाल वळ उठला होता.

बेबी म्हणजे प्रमोदिनी देव्हारे. घरात धाकटी म्हणून पडलेलं हे नाव तिशीतही सुटलं नव्हतं, आणि ती दारातून वाकून आत यायला लागल्यापासून तर लोक ते हसत हसतच घ्यायचे. तोफांच्या फॅक्टरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती. पाहायला आलेल्या मुलांची नजर तिच्या खांद्याशी येऊन थांबायची आणि मग पत्रिका जुळत नसल्याचा निरोप यायचा. पुढे आईनंच पोह्यांचा बेत बंद केला.

पर्सी डिक्रूझ नावाच्या रेल्वेच्या गार्डानं मात्र तिला इन्स्टिट्यूटच्या एका समारंभात पाहिलं आणि सरळ समोर येऊन म्हटलं, "तुम्हारे लायक एक चीज है मेरे पास." ती चीज म्हणजे हा डबल बास. व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात थोरलं वाद्य, माणसाहून उंच, उभ्यानं वाजवायचं, खर्जात घुमणारं. डिक्रूझनी तिला ते शिकवलं आणि कायमचे ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा तिच्याच हवाली करून गेले.

लोबो मास्तरांनी कपाटातून एक चपटं पाकीट आणलं. आत पोलादी तारांची वेटोळी चकाकत होती.

"कलकत्ते से मँगवाए थे, लड़ाई के पहले. आँत की तार अब भूल जाओ, बेबी. बाहर का माल बंद है. ये लगाओ, हॉस्पिटल में आख़िरी लाइन तक आवाज जाएगी."

त्याच वर्षी, पासष्टच्या सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई झाली होती. तोफा थांबल्या, तरी फॅक्टरीतला ओव्हरटाइम थांबला नव्हता आणि शहरातल्या लष्करी इस्पितळात अजून जखमी जवान होते. त्यांच्यासाठी डिसेंबरात कार्यक्रम ठरला होता. बेबीनं पाकीट घेतलं, सायकलरिक्षावर बास आडवा घातला आणि ती महाराजपूर वस्तीतल्या घरी आली.

संध्याकाळी तिनं पोलादी तार चढवली. खुंटी पिळून सूर लावला, गजाला राळ घासली आणि एक लांब स्वर ओढला. आवाज खणखणीत आला. स्वयंपाकघरातून आईसुद्धा म्हणाली, "अरे वा!"

अण्णा नेहमीप्रमाणे स्टूल ओढून बासशेजारी येऊन बसले आणि त्यांनी त्याच्या लाकडी कुशीवर तळवा ठेवला.

अण्णांना ऐकू येत नव्हतं. नव्या तोफा जिथं उडवून पाहतात त्या मैदानावर त्यांची सगळी नोकरी गेली. कानात कापसाचे बोळे घालायचे आणि काम करायचे. निवृत्तीनंतर उरलंसुरलं ऐकणंही हळूहळू गेलं. तरुणपणी गाण्यासाठी सायकलनं कुठल्या कुठं जाणारा माणूस; त्यानं एक दिवस रेडिओ उचलून शेजाऱ्यांना देऊन टाकला. स्वतःचा आवाज कळत नसल्यानं ते फार मोठ्यानं बोलत. भाचीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांच्या कानात सांगितलेली गोष्ट सगळ्या मांडवाला ऐकू गेली आणि मांडव हसला. तेव्हापासून त्यांनी बाहेर जाणं सोडलं होतं. घरच्यांचे ओठ तेवढे त्यांना वाचता यायचे, तेही मराठी बोललं तरच.

बास घरी आला तेव्हा धूळ पुसायला म्हणून त्यांनी त्याला हात लावला होता आणि नेमकी बेबीनं तार छेडली होती. हात तिथंच राहिला. मग रोज संध्याकाळी स्टूल येऊ लागलं.

आज मात्र त्यांनी तळवा उचलला, पुन्हा ठेवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आज काहून वाजवत नाही तू?"

"वाजवून तर राहिली, अण्णा." तिनं त्यांच्यासमोर वाकून सावकाश म्हटलं.

त्यांनी दुसऱ्या बाजूला हात लावून पाहिला. "लागतं थोडंसं. मुंग्या आल्यासारखं. ते आतमध्ये घुमायचं ना, ते नाही." मग तिच्याकडे पाहून त्यांनी आवरतं घेतलं. "असू दे. माझा हातच थंडीनं बधिर झाला असेल. चलो, जेवू."

त्यांनी स्टूल उचलून भिंतीशी नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत.

बेबी लोबो मास्तरांकडे गेली. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं.

"देखो बेबी, पिताजी का दुख मैं समझता हूँ. लेकिन हॉल में लोग कान से सुनेंगे. इस तार में क्या खराबी है, बोलो?"

खराबी काहीच नव्हती. ती एक्स्चेंजमध्ये दिवसभर वायरी जोडत राहिली, 'नंबर प्लीज' म्हणत राहिली. कलकत्त्याच्या दुकानाला तिनं फोन करून पाहिला. तिकडून उत्तर आलं की आतड्याच्या तारा कधी येतील ते देवालाच ठाऊक.

रविवारी आईनं गाद्या पिंजायला रमजानभाईंना बोलावलं होतं. थंडी पडायला लागली की ते पिंजारी ओमती मोहल्ल्यातून यायचे. अंगणात त्यांनी कापूस पसरला, धुनकी, म्हणजे कापूस पिंजायची मोठी कमान, दोरीनं टांगली आणि लाकडी मुठीनं तिच्या ताणलेल्या तातीवर ठोका मारला. धुंग. धुंग. कापूस उडायला लागला.

अण्णा अंगणातल्या बाजेवर पाठमोरे बसून शेंगा सोलत होते. धुनकीची दोरी बाजेवर आलेल्या छपराच्या वाशाला बांधलेली होती आणि वाशाला लागून असलेल्या खांबाला अण्णांची पाठ टेकलेली होती. त्यांचे हात थांबले. त्यांनी मान वर करून इकडेतिकडे पाहिलं.

"बेबी!" ते ओरडले. "वाजवून राहिली काय?"

बेबी दारात उभी होती. हातातली कपबशी खाली ठेवून ती तशीच अंगणात उतरली आणि धुनकीपुढं बसली. तातीवरून तिनं बोट फिरवलं. गुळगुळीत, पिळदार, तुटलेल्या तारेसारखीच पिवळसर.

"भाईजान, ये किस चीज की है?"

"ताँत है, दीदी. बकरे की आँत की."

"कहाँ मिलती है?"

रमजानभाईंनी तिच्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं. "काहे, धुनकी चलाओगी?"

आई खळखळून हसली. बेबीनं त्यांचा हात धरून घरात नेलं आणि बास दाखवला. ते त्याच्याभोवती फिरले, पोटावर टिचकी मारली आणि म्हणाले, "बाप रे. इसमें तो मेरी पूरी दुकान की रुई आ जाएगी."

दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर ती ओमतीला गेली. रमजानभाई तिला आपल्या आतेभावाकडे घेऊन गेले. तिथं मागच्या पडवीत ओल्या ताती ताणून वाळत घातलेल्या होत्या. वास असा होता की तिनं पदर नाकाशी धरला; पण थोड्या वेळानं तिला त्याचा विसर पडला. जी तात सगळीकडे सारखी जाड असेल, तीच सूर धरेल. डिक्रूझनी हे शिकवलं होतं. ती एकेक तात उजेडासमोर धरायची आणि चिमटीतून ओढून पाहायची. कुठं गाठ लागायची, कुठं मध्येच बारीक व्हायची. बऱ्याच बाजूला ठेवल्यावर एक अशी निघाली की बोटं कुठंच अडखळली नाहीत. ती तेल चोळून रमजानभाईंनी कागदात गुंडाळून दिली. "दो-चार दिन खिंचेगी, फिर बैठ जाएगी," ते म्हणाले.

तात खरंच दोन-चार दिवस उतरत राहिली. सूर लावावा आणि पाणी पिऊन येईतो तो ढळलेला असायचा. बेबी चिकाटीनं खुंटी पिळत राहिली. एका संध्याकाळी तात बसली. बेबीनं अण्णांना हात धरून आणलं आणि त्यांचा तळवा बासवर ठेवला. एकच स्वर ओढला. अण्णांनी डोळे मिटून घेतले. आईनं जेवायला हाक मारली, मग येऊन खांदा हलवला, तरी ते उठले नाहीत.

पोलादी तारा तिनं मास्तरांना परत केल्या. मास्तर नाराज झाले. "आख़िरी लाइन को नहीं सुनाई देगा," एवढंच म्हणाले आणि पाकीट कपाटात ठेवलं.

आणि मास्तरांचं खरंच होतं. कार्यक्रमाच्या दुपारी इस्पितळाचा हॉल भरला होता, अकॉर्डियन आणि व्हायोलिनं रंगात आली होती, आणि मागच्या रांगांत बास जवळजवळ पोचतच नव्हता. बेबीला ते वाजवतानाच कळत होतं. तिनं गज जोर लावून ओढला तर स्वर घोगरा झाला. तिला रडू येईलसं झालं.

पुढच्या रांगेत डोक्याला पट्टी बांधलेला एक जवान खिडकीकडे तोंड करून बसला होता. टाळ्या पडत तेव्हाही तो वळत नव्हता. मध्यंतरात तिनं सिस्टरला विचारलं.

"विठोबा ढमाले. तोपखाने का है," सिस्टर म्हणाली. "गोला पास में फटा, कान गए. किसी से बात नहीं करता. हम लोग बस धूप के लिए बिठा देते हैं."

बेबीनं बास उचलला, स्टेजच्या पायऱ्या उतरून त्याच्यासमोर आणून टेकवला आणि त्याचा हात धरून लाकडावर ठेवला. तो दचकला. हात काढून घेणार, इतक्यात तिनं गज ओढला.

विठोबाचा चेहरा हळूहळू तिच्याकडे वळला. त्यानं दुसराही हात ठेवला, मग कपाळ टेकवलं.

"वाजतंय," तो एवढ्या मोठ्यानं म्हणाला की हॉल शांत झाला. "हितं वाजतंय, ताई! थांबू नगा!"

ती थांबली नाही. लोबो मास्तरांनी स्टेजवरून पाहिलं, बाकीच्यांना हातानं खूण केली, आणि मध्यंतर संपलं तरी कुणी काही सुरू केलं नाही.

घरी येऊन तिनं अण्णांना सांगितलं. सांगता सांगता ती म्हणाली, "तुम्ही चला ना माझ्यासोबत. पुढच्या रविवारी."

"मी?" अण्णा म्हणाले. "मी काय करू तिथं? लोकांना हसायला एक म्हातारा हवा काय?"

"तो पोरगा कोणाशी बोलत नाही, अण्णा. कसं राहायचं ते त्याला माहीतच नाही अजून."

अण्णा उठून आत गेले. त्यानंतर आठवडाभर तो विषय निघाला नाही. रविवारी सकाळी बेबी रिक्षात बास चढवत होती, तेव्हा ते दाढी करून, नोकरीतला बंद गळ्याचा कोट घालून ओट्यावर उभे होते. काखेत शेजारच्या पोराची पाटी होती.

"काहून पाहून राहिली? सरक तिकडं," ते म्हणाले.

इस्पितळाच्या व्हरांड्यात विठोबा उन्हात बसला होता. अण्णा त्याच्याशेजारी बाकावर बसले, स्वतःच्या कानाला हात लावून त्यांनी मान हलवली: मलाही नाही. विठोबा त्यांच्याकडे पाहत राहिला. अण्णांनी पाटीवर लिहिलं, 'तोफांची चाचणी घेत होतो. जबलपूर.' आणि पाटी त्याच्या मांडीवर ठेवली. विठोबानं अक्षरं जुळवत वाचलं. अण्णांनी पाटी घेऊन पुसली आणि जरा थांबून खाली वाकून पुन्हा लिहिलं.

बेबीनं मान लांब करून पाहिलं. पाटीवर होतं, 'तोफ कशी चालली?'

विठोबानं पाटी वाचली आणि मान वर केली.

"झ्याक!" तो ओरडला. "येक बी डाव दगा न्हाई दिला, बाबा! येक बी डाव न्हाई!"

अण्णांना शब्द ऐकू आले नाहीत आणि त्याच्या ओठांची मराठी त्यांना ओळखीची नव्हती. पण ते त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. "काय?" त्यांनीही ओरडून विचारलं. "पुन्हा सांग! सावकाश!"

आतून सिस्टर धावत आली. समोरचं पाहून दारातच थांबली आणि वॉर्डाचं दार हळूच ओढून घेऊन परत गेली. बेबीनं बासला टेकून उभं राहत गज खाली केला. व्हरांड्यात विठोबा एकेक शब्द सुटा करून, बोटांनी हवेत तोफ काढून दाखवत पहिल्यापासून सांगत होता, आणि पलीकडे बसलेला कुबडीवाला जवान आपलं स्टूल ओढत त्यांच्याकडे येत होता.