वहीत नसलेला रकाना

चैत्रालीची दोन करडं कायोटीनं, म्हणजे अमेरिकेतल्या कोल्ह्यासारख्या रानकुत्र्यानं, नेली, तेव्हा प्रल्हादराव बॉथेल शहरातून गाडी हाणत मुलीच्या मदतीला आले. सोबत चौकड्यांची वही. बायोटेक कंपनीत तीस वर्षं चाचण्यांचे तक्ते भरून निवृत्त झालेला माणूस दुसरं काय आणणार?

एलेन्सबर्गजवळ चैत्रालीच्या चौदा शेळ्या होत्या आणि आता एकच करडू, तेही लंगडं. पुढची पाळी त्याची, हे तिला ठाऊक होतं. बहुधा कायोटीलाही.

बंदुकांच्या दुकानात प्रल्हादरावांनी वही उघडली.

"टू-टू-थ्रीची रायफल न्या," दुकानदार म्हणाला. "धक्का कमी बसतो, गोळी हलकी."

"हलकी गोळी वाऱ्यात ढळत असेल ना? इथे वारा फार."

"मग टू-फोर्टी-थ्री. गोळी जड, कमी ढळते. धक्का मात्र जास्त."

"किती जास्त?"

"बाबा, खांदा माझा आहे," चैत्राली म्हणाली.

"म्हणून तर विचारतोय!"

पाऊण तासात पाच रकाने भरले आणि टू-फोर्टी-थ्री ठरली. मग कायोटीला भुलवून जवळ बोलावायच्या शिट्ट्या. एक रिमोटवर चालणारं, भक्ष्याचे आवाज काढणारं यंत्र होतं. प्रल्हादरावांनी त्यातला ससा ऐकला, उंदीर ऐकला, जखमी सुतारपक्षी दोनदा ऐकला. दुसऱ्या गिऱ्हाइकाचा कुत्रा काउंटरखाली जाऊन बसला. शेवटी त्यांनी एक साधी लाकडी शिट्टी तोंडाला लावली. सशाचा असा काही आकांत निघाला, की दुकानदारानं न विचारता ती पिशवीत टाकली.

"कुठे शिकलात?"

"आमच्या कंपनीत मीटिंगा फार असायच्या."

दुसऱ्या दिवशी उजाडताना दोघं झुडपाआड बसली. वारा समोरून येत होता. प्रल्हादरावांनी ससा मारला, म्हणजे शिट्टीतला. थांबले. पुन्हा मारला. वीस मिनिटं झाली. मग त्यांनी डबा उघडला. थालीपीठ आणि लसणाची चटणी. प्रवासाला निघताना बायकोनं, प्रतिमाबाईंनी दिलेली.

"बाबा! आत्ता?"

"रिकाम्या पोटी फुंकता येत नाही गं."

पाठीमागे खसफस झाली. दोघांनी मान वळवली. लांब वळसा घालून, वारा जिकडे वाहत होता त्या अंगाला, कायोटी उभा होता. त्यानं नाक वर केलं, शिंकल्यासारखं काहीतरी केलं आणि पसार झाला.

"हे नेहमी वळसा घालून वास येईल त्या बाजूला जातात," चैत्राली दात आवळून म्हणाली. "त्याला डब्याचा वास लागला."

प्रल्हादरावांनी वही काढली. वारा गोळीला किती ढकलतो, ते चार ओळींत होतं. चटणीला किती लांब नेतो, ते कुठेच नव्हतं.

त्या संध्याकाळी लंगडं करडू घरात, भांडी घासायच्या यंत्राला टेकून झोपलं.

तिसऱ्या दिवशी डबा घरी राहिला. चैत्रालीनं जागा बदलली: वारा आता आडवा, पाठीशी उंच दरड. प्रल्हादरावांनी शिट्टी फुंकली. पोट गुरगुरलं; तेही थोडं सशासारखंच वाटलं. दहाव्या मिनिटाला गवतातून कायोटी आला, वळसा घ्यायला निघाला आणि बरोबर दोघांच्या समोरून जाऊ लागला. चैत्रालीनं तोंडानं बारीक चूक् केलं. तो थबकला, कान टवकारून बघू लागला. हे कोण, हे काय, असाच प्रश्न त्याला पडलेला दिसत होता. प्रल्हादरावांना त्याची चौकशी ओळखीची वाटली.

बार झाला. वारा होता, पण गोळी ढळली नाही.

चैत्राली खांदा चोळत उठली. धक्का किती बसला, हा प्रश्न प्रल्हादरावांच्या जिभेवर आला होता, तो त्यांनी गिळला. घरी येऊन आधी करडाला गोठ्यात सोडलं, मग वहीत सहावा रकाना आखला. मथळा: न्याहारी. खाली लिहिलं, 'परत आल्यावर.'