भुशातली उडी

"आई भित्री होती," पोरगी म्हणाली आणि हातातलं टोपलं तिनं गोठ्यात उपडं केलं. भुशाची धूळ उडाली. तिनं पदरानं नाक पुसलं आणि परत अंगणाकडे वळली.

मळणी नुकतीच उरकली होती. दरवर्षी भुसा आत घ्यायचं काम आम्ही नवरा-बायको करायचो. मी टोपलं भरायचो, ती न्यायची. यंदा ती नव्हती. थंडी सरता सरता तिची छाती भरली, ती मोकळी झालीच नाही. माणसं येऊन गेली. जावई मुलांना घेऊन परत गेला. पोरगी माझ्यासाठी मागं राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तीही जाणार होती. आई गेल्यापासून ती रडली नव्हती. घर झाडलं, भांडी घासली, माझे कपडे शिवले, आल्यागेल्याला पाणी दिलं. पण डोळ्यांतून टिपूस नाही.

हाताला हात म्हणून शेजारची गिरणीवाली आली होती. हिच्या केसांत कायम पीठ, त्यामुळे म्हातारी कधी झाली ते कुणाला कळलंच नाही.

"कोण भित्री?" तिनं विचारलं.

"आईच की. विहिरीकडे जाऊ नको, झाडावर चढू नको, सायकलवर डबलसीट बसू नको. साऱ्या पोरी कालव्यात डुंबायच्या आणि मी काठावर त्यांचे कपडे राखत बसायची. माझ्या मुलांना पोहता येतं काकी, मला येत नाही."

गिरणीवाली टोपलं टाकून हसायलाच लागली. "अगं, तुझी आई भित्री असेल तर वाघ पालेभाजी खातो म्हणायचा! तिला सगळं गाव नाकतोडा म्हणायचं. का ते ठाऊक आहे?"

मी खोकलो.

"खोकतोस काय? पोरीला अजून सांगितलं नाहीस?"

"गिरणी चालू ठेवून आलीस ना? पट्टा निघेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग अंगावरचा भुसा झटकत म्हणाली, "आता कुणाला भितोस बाबा? जिला भीत होतास, ती तर गेली." आणि निघून गेली.

तिचं म्हणणं खरं होतं. बायकोनं माझ्याकडून शब्द घेतला होता. पोरीला यातलं काही सांगायचं नाही. मी तो इतकी वर्षं पाळला. पण आता पोरगी उद्या जाणार, आणि आईचं एवढंच घेऊन जाणार. भित्री होती. सारखी टोकत राहायची.

पोरीनं टोपलं खाली ठेवलं नाही. भरल्या टोपल्यानिशीच उभी राहिली.

"बाबा, एक विचारू? मी अगदी लहान होते. आईनं मला या गोठ्यात मारलं होतं. एकच थप्पड, पण कान दिवसभर वाजत होता. का मारलं ते कधी सांगितलं नाही. मी विचारलं की उठून जायची. ती आजारी पडली तेव्हा म्हटलं, आता तरी विचारू. पण तिला दम लागायचा. राहिलं ते राहिलंच. मला आईचं काही आठवायला गेलं की आधी ती थप्पड आठवते. मी काय करू?"

मी तिच्या हातातलं टोपलं घेतलं आणि तिला दाराच्या दगडावर बसवलं.

"तुला आईनं ज्या ज्या गोष्टी करू नको म्हणून सांगितलं ना," मी म्हणालो, "त्या सगळ्या तिनं केलेल्या होत्या. एक सोडली नव्हती."

"काहीतरीच."

"कालवा म्हणतेस? ट्रॅक्टरच्या फुटक्या ट्यूबला ठिगळ लावून ती पाण्यात सोडायची आणि वर उताणी झोपायची. पुढं कालव्याचा दरवाजा यायचा, तिथं पाणी खाली आदळतं. दरवाजा येईपर्यंत जो उतरणार नाही तो राजा. आम्ही गल्लीतली बाकीची पोरं आधीच उड्या टाकून काठावर. ही शेवटच्या घटकेला लोखंडी दांडीला लटकायची, ट्यूब जायची वाहून. मग ट्यूबमागं काठानं पळायचं काम माझं."

"आई?"

"तुझीच आई. बेरिंगची गाडी ऐकली आहेस? फळीला खाली बेरिंगं ठोकायची. वीटभट्टीच्या उतारावरून सोडली की दगडावर अशी खणखणायची की कुत्री घरात शिरायची. ब्रेक म्हणजे चप्पल. हिच्या चपला दर महिन्याला टाचेकडून गायब. तुझी आजी म्हणायची, पोरगी चालते कशी तेच कळत नाही."

पोरगी हसली नाही, पण माझ्याकडे वळून बसली.

"वेल्डिंगवाल्याच्या दुकानातून कार्बाईडचा खडा ढापायचा. डब्यात टाकायचा, वर थुंकायचं, झाकण दाबायचं, बुडाच्या भोकाला काडी लावायची. झाकण उडायचं ते माळाच्या पलीकडे. एकदा झाकणाच्या आधी हिची भुवई उडाली. घरी कळू नये म्हणून कोळशानं भुवई काढली. जेवताना घाम आला आणि भुवई गालावर उतरली. आजोबा म्हणाले, 'हिची एक भुवई जेवायला खाली आलीय का?'"

आता ती हसली. पण लगेच थांबली.

"तुम्ही तिला मोठं करताय. माणूस गेलं की असं होतं."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिची शेवटची अंघोळ तूच घातलीस. मांडीवरचा व्रण बघितलास ना?"

"तो भाजल्याचा आहे. कढत पाणी सांडलं होतं."

"कढत पाण्यानं कधी ओळीत तीन चर पडतात? तो दाताळ्याचा आहे. या इथला." मी वर बोट दाखवलं. "हा माळा. इथून खाली भुशात उडी मारायची. दोन्ही हात पसरून, ओरडत. कुणीतरी भुशात दाताळं विसरलं होतं, दात वर. उडी मारली आणि आवाज नाही. आम्हाला वाटलं, गंमत करतेय. महिनाभर लंगडत होती. मग परत चढली. पण त्यानंतर तिनं एक पद्धत पाडली. आधी लांब काठीनं सगळा ढीग भोसकायचा. इकडून, तिकडून, मधून. मग उडी. लोक म्हणायचे, धाडसी आहे. धाडस नव्हतं नुसतं. धोका कुठं बसलेला असतो ते तिला ठाऊक होतं."

पोरगी माळ्याकडे बघत होती. "आणि मग एवढी कशी बदलली? लग्न झालं म्हणून?"

"छे! लग्नानंतरही मारायची. चारचौघांत मला अहो-जाहो. आणि गोठ्याचं दार लावलं की, 'ए बुटक्या, काठी दे.' दर मळणीनंतर एकदा तरी. तू झालीस त्यानंतरही."

इथं मी थांबलो. पुढचं सांगायचं म्हणजे शब्द मोडायचा. पोरगी वाट बघत होती, तिचा हात नकळत कानाकडे गेला होता.

"त्या साली भट्टीवाल्यानं सगळा भुसा विकत मागितला. विटांच्या मातीत घालायला. सकाळी गाडी येणार होती. आदल्या दिवशी तुझी आई म्हणाली, उद्या ढीग जाणार, आज एक मारून घेते. तू तिथं खांबाशी बसली होतीस. तुझ्यासमोर मारली. तू टाळ्या वाजवल्यास. 'आई, आणखी, आणखी.' तिनं आणखी मारली. संध्याकाळभर तुला उचकी लागेपर्यंत हसवलं. सकाळी गाडी आली, भुसा गेला. खाली नुसती फरशी. दुपारी आम्ही जेवून उठलो तर तू घरात नाहीस."

पोरीनं तोंडावर हात धरला.

"तू वर होतीस. अगदी कडेला. दोन्ही हात पसरून. म्हणालीस, 'आई, बघ.' मी ओरडणार होतो, तिनं माझं तोंड दाबलं. आणि रोजच्यासारख्या आवाजात तुला म्हणाली, 'थांब गं, मलापण यायचंय. दोघी मिळून मारू.' हळूहळू शिडी चढली. गाणं म्हणत चढली. तू हात पसरून तिची वाट बघत होतीस. वर पोचून तुला कवेत घेतलं. खाली आणलं. जमिनीवर उभं केलं. आणि मग मारलं."

गोठ्यात गाय तेवढी रवंथ करत होती.

"तुला मारून ती इथंच बसली. संध्याकाळपर्यंत उठली नाही. म्हणाली, माझं बघून चढली. मी शिकवलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण ही नंतर पाणीसुद्धा फुंकायला लागली. मला म्हणाली, पोरीला यातलं काही कळता कामा नये. आई उडी मारायची हे कळलं की ती पुन्हा चढेल. खाण तशी माती. तिला मी भित्री वाटले तर वाटू दे. चिडली तर चिडू दे. चिडायला उरली तर पाहिजे."

"म्हणून शिडी झोपायच्या खोलीत असायची?"

"म्हणूनच. अख्खं गाव हसायचं, यांच्या घरात चोरसुद्धा आतून चढतो म्हणून. ती त्यांच्याबरोबर हसायची."

पोरगी उठली. मला वाटलं, घरात जाऊन तोंड धुईल. ती शिडी घेऊन आली. माळ्याला लावली. चप्पल काढली, पदर खोचला.

"आज भुसा आहे ना?" म्हणाली.

मी नको म्हणायला हवं होतं. पण मी काठी उचलली. खोटं कशाला बोलू, मला तिनं उडी मारायला हवी होती. दोन्ही हात पसरून या गोठ्यात कुणीतरी ओरडायला हवं होतं. मी सगळा ढीग भोसकला. इकडून, तिकडून, मधून. तिच्यासारखाच.

पोरगी कडेला जाऊन उभी राहिली. हात पसरले. चेहऱ्यावर, नाकाच्या वळणावर, सगळी तिची आई. मी खाली मान वर करून उभा. भुसा खांद्याएवढा होता, लहान मूलही सुखरूप पडलं असतं.

तिचे पाय पुढं गेले, थांबले. परत पुढं गेले. थांबले.

"बाबा, होत नाही."

"मार. काही होत नाही."

"माहितीये. पण होत नाही. कुणीतरी मागून धरलंय असं वाटतंय."

असं म्हणाली आणि तिथंच, कडेला पाय सोडून बसली. आणि रडायला लागली. लहान मुलासारखी, तोंड उघडं टाकून, नाक न पुसता. "आई गं, आई गं," एवढंच. इतके दिवस साठलेलं सगळं. मी रडू दिलं. गाय मान वर करून बघत होती.

बऱ्याच वेळानं ती उठली, पाठमोरी झाली आणि उतरायला लागली. खालची पायरी आधी पायानं चाचपायची, दोन्ही हातांची पकड बघायची, मगच भार टाकायची. असं प्रत्येक पायरीला. कुणी शिकवलं होतं ते विचारायची गरज नव्हती. माझ्या नाकतोड्यानं पोरीला किती पक्कं बांधून ठेवलं होतं! स्वतः गेली, गाठ सुटली नाही.

"जमलं नाही," खाली येऊन पोरगी म्हणाली.

"नकोच जमायला. तिनं तेवढ्यासाठीच तर सगळं केलं."

पोरीनं डोळे पुसले, टोपलं उचललं आणि भुसा भरायला अंगणात गेली. मी शिडी धरूनच उभा होतो. शिडीवर आता कुणी नव्हतं, तरी हात सोडवत नव्हता.