सतरावं नाव

"सोळा मतदार," झूराकान एजेनं यादी वाचून संपवली आणि चष्मा कपाळावर सरकवला. "आता आधी चहा घ्या, मग भांडा."

सोळांत तिचं नाव नव्हतं. यादी तिनंच केली होती, नियमाला धरून.

एजे, म्हणजे आमची सगळ्यांची थोरली ताई, नारीनच्या ग्रंथालयात एकवीस वर्षं नोकरीला आहे. आमचं 'तेक्चे' हे सॉफ्टवेअर खेड्यापाड्यांतल्या ग्रंथालयांची पुस्तकं नोंदवतं. ते फुकट आहे, त्याचा कोड कुणीही उघडून बघावा, दुरुस्त करावा. पगार कुणालाच नाही, त्यामुळे साहेबही कुणी नाही. एसेनगुल बाइके, म्हणजे आमचे थोरले दादा, यांनी ते सुरू केलं म्हणून अकरा वर्षं तेच प्रमुख. आता त्यांचे डोळे थकले. "तुमचा माणूस तुम्हीच निवडा," म्हणत त्यांनी सगळ्यांना एजेच्या वाचनकक्षात बोलावलं होतं. उभे दोघंच होते, ओशचा नुरदोलोत आणि मी, बेगाइम.

मला ते पद हवं होतं, खोटं कशाला बोलू? मनातल्या मनात मोजून झालं होतं: आठ त्याचे, आठ माझे.

मत द्यायचा हक्क कुणाला, तर वर्षभरात ज्याच्या नावावर एक तरी दुरुस्ती आहे त्याला. हा नियम सहा वर्षांपूर्वी मीच लिहिला होता, आणि तेव्हा त्याचं मोठं कौतुकही झालं होतं.

उमेदवार म्हणून बोलायची माझी वेळ आली. वर्षभरातल्या माझ्या एकेचाळीस दुरुस्त्या पडद्यावर लावून मी वाचायला लागले. पहिली: 'परत आलं' दाबलं की पुस्तक दोनदा जमा होतं. वाचताना कानात एजेचा आवाज आला, "बेगाइम, अगं हे पुस्तक दोनदा परत येतंय, जुळं झालं की काय?" दुसरीही तिच्याच फोनवरची. तिसरीही. गावोगावचे ग्रंथपाल तिला फोन करायचे, ती तासभर खोदून खोदून विचारायची, दुखणं नेमकं कुठं आहे ते शोधायची आणि मला सांगायची. मी दहा मिनिटांत टाइप करायचे. नोंद माझ्या नावावर. नवव्या ओळीला माझी जीभ अडखळली.

"ही कामं माझी नाहीत," मी म्हणाले. "सगळी एजेची आहेत. तिला मताचा हक्क द्या."

"नोंदीत तर तुझं नाव आहे," नुरदोलोत म्हणाला.

"आणि एकदा झालेली नोंद बदलताही येत नाही. पण मताचा हक्क तर देता येईल?"

"वा गं वा! आठाला आठ असताना सतरावं मत काढतेस? तेही तुझ्या लाडक्या एजेचं?"

त्याचं काय चुकलं होतं? त्याच्या जागी मीही हेच म्हणाले असते.

"बस खाली," एजे समोवाराकडे वळत म्हणाली. "मला कशाला हवंय मत? माझा चहा गार होतोय."

पण बोलताना तिनं तोंड आमच्याकडे केलं नाही. अकरा वर्षं ही बाई मला शहाणी ठरवत आली होती, आणि मी साधं 'तुझ्यामुळे' म्हटलं नव्हतं.

"मग माझं नाव काढा," मी म्हणाले. "मी उभी नाही. आता तर झालं?"

आमच्यात हात वर करत नाहीत. हरकत असेल त्यानं बोलायचं, गप्प राहिला तो तयार. बाइकेंनी कपातला चहा संपेपर्यंत वाट पाहिली. शेवटी नुरदोलोतच खाकरला.

"माझी हरकत नाही. आमच्या गावात आई ग्रंथालय बघते. तिला हे सगळं एजेनंच फोनवर शिकवलंय. मला वेळ कुठं होता?"

एजेनं येऊन माझ्या पाठीत एक धपका घातला. "गाढवे! मी तुलाच मत दिलं असतं ना!"

"माहितीये, एजे."

मग तिनं यादी पुढ्यात ओढली, खिशातलं पेन काढलं आणि सोळाच्या खाली पुस्तकांवर तारखा घालते तशा वळणदार अक्षरात आपलं नाव लिहिलं.

चिठ्ठीवर आता एकच उमेदवार होता, नुरदोलोत, पुढे 'हो' आणि 'नाही'. आम्ही सोळा जणांनी तिथंच टेबलावर खुणा करून बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. एजे मात्र आपली चिठ्ठी घेऊन कपाटांच्या मागे गेली, कुणाला दिसू नये म्हणून. तिला बराच वेळ लागला.

चहाबरोबरचे तळलेले बोर्सोक गार झाले. कुणीही घाई केली नाही.