तीनदा वाकायचं

पिवळसर टॉवेल, कडेला दोन निळ्या रेघा, प्लॅस्टिकच्या पिशवीत चारपदरी... सकाळपासूनचा हा तिसरा. स्यू-लुआन तो मांडीवर ठेवून त्याची घडी अंगठ्यानं दाबत होती, सोडत होती, पुन्हा दाबत होती. मयताला आलेल्या माणसाच्या हाती घरच्यांनी टॉवेल ठेवायचा अशी रीत. आणि वीस वर्षं नगरसेविका म्हणून मयतं गाठता गाठता घरात इतके टॉवेल साठले होते की तिचा धाकटा भाऊ चिंग-हे म्हणायचा, ताई, निवडणूक हरलीस तर टॉवेलांचं दुकान टाक, मी गल्ल्यावर बसतो. म्हणायचा. हल्ली तो थट्टा करत नाही. फोन करतो आणि एवढंच विचारतो, कधी येतेस?

"अजून एक हॉल राहिला," चुआंगकाका गाडी वळवत म्हणाले. पहिल्या निवडणुकीपासून तिचा प्रचार तेच बघत आणि गाडीही तेच चालवत. "म्हातारी आहे. शहाण्णव. मग बाराला लग्न."

"कोण म्हातारी?"

"मला काय माहीत? सहा नातवंडं, सगळी आपल्या वॉर्डात. तेवढं पुरे."

मतदानाला बावीस दिवस. पर्समध्ये इस्पितळाचा कागद, चार दिवसांपूर्वी घातला तसाच. आईचं डायलिसिस थांबवायचं असेल तर खाली सही. थांबवलं तर आठ-दहा दिवस, डॉक्टर म्हणाले होते. चालू ठेवलं तर महिना, कदाचित दीड, पण तो महिना त्या भोगतील. आईनं तर मंगळवारीच, डोळे उघडे असताना, स्वच्छ सांगितलं होतं— पुरे. चिंग-हेनं सही केली होती. त्याच्या एकट्याच्या सहीवरही भागलं असतं, पण त्यानं शेजारची जागा तिच्यासाठी मोकळी ठेवली होती. ती म्हणाली होती, सोमवारी बघू. आठ-दहा दिवस, म्हणजे बावीसातून दहा गेले की उरतात... छी! हे गणित कोण करतंय? मी करतेय? मी नाही करत, ते आपोआप होतंय, मीटर पडतो तसं.

घरात मयत झालं की शंभर दिवस दुसऱ्याच्या मांडवात पाऊल टाकायचं नाही, देवळाचा उंबरा ओलांडायचा नाही. आणि या जियायी शहरात निवडणूक म्हणजे दुसरं असतं तरी काय? मांडव आणि देवळं.

"अकरा लग्नं आहेत," काका काल म्हणाले होते, "आणि तीन जत्रा. सगळ्यावर पाणी." मग सिग्नलला थांबल्यावर, समोर बघत, "पण लोकांना कळवळाही येतो म्हणा. पलीकडच्या वॉर्डात गेल्या खेपेला त्या अमक्याची आई गेली आणि तो—"

"काका, हिरवा झालाय."

गाडी पुढे गेली, पण ते वाक्य तिथंच सिग्नलला उभं राहिलं नाही, तिच्याबरोबर आलं. आता सही केली नाही तर लग्नांसाठी, आणि केली तर कळवळ्यासाठी. इकडे आड, तिकडे विहीर— आणि दोन्हींचं पाणी तिनंच गढूळ केलेलं. आईसाठी म्हणून जे काय करायचं ते कुठून करायचं? तेवढी स्वच्छ जागा आत कुठे उरलीय का?

हॉलमध्ये उदबत्त्यांचा धूर होता. ध्वनिक्षेपकावरून नाव आलं, "नगरसेविका, को स्यू-लुआन!" ती पुढे झाली. फुलं उचलली, ठेवली. मयतापुढे तीनदा वाकायचं. एकदा वाकली. दोनदा.

कमरेतून वाक, मानेतून नको. मान कोंबडीही वाकवते.

पूर्वेच्या बाजारात आई बांबूचे कोंब विकायची. पहिल्या निवडणुकीत गाळा बंद केला की ती लुआनला देव्हाऱ्यासमोर उभी करायची आणि वाकायला लावायची, पाठीवर हात ठेवून. त्या हाताला कोंबांचा हिरवा, तुरट वास. लग्नाला कोण आलं ते लोक विसरतात गं, मयताला कोण आलं ते नाही विसरत. लुआन एक्केचाळीस मतांनी निवडून आली तेव्हा सगळा बाजार नाचला, आणि आई गाळ्यावरून म्हणाली होती, ही एक्केचाळीस मेलेल्यांनी दिलीत, माजू नको. पुढे गटारं झाली, दिवे झाले, शाळेची भिंत झाली, पाच वेळा निवडून आली. पण लोक तिला ओळखत ते वाकण्यावरून. लुआनताई काय वाकते!

तिसऱ्यांदा वाकून तिनं मान वर केली आणि फोटोतल्या अनोळखी म्हातारीकडे बघताना तिचे डोळे भरून आले. एका नातीनं तिचे हात धरले. "ताई, तुम्हाला आमच्या आजीचं इतकं..." पुढे तिला बोलवेना. स्यू-लुआनलाही बोलवेना, आणि ते दोघींनाही बरं दिसलं.

"छान आलाय," बाहेर काका मोबाइल दाखवत म्हणाले. "डोळ्यातलं पाणीसुद्धा दिसतंय." तिला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मग वाटलं, त्यांची काय चूक?

मयताचा विटाळ जावा म्हणून पपनसाची पानं घातलेल्या पाण्यानं हात धुऊन, काळं जाकीट काढून नाव भरलेलं लाल जाकीट घालून ती मांडवात शिरली. रस्ता अडवून गोल टेबलं मांडलेली, वाफाळते मासे, स्पीकरवर कुणी तरी बेसूर गात होतं. ती पेल्यात दारूच्या रंगाचा चहा घेऊन टेबलामागून टेबल फिरली. नवरीच्या आजीनं तिचं मनगट धरलं. बाजारातली जुनी, आईच्या शेजारच्या गाळ्यावरची.

"आई कशीय गं?"

"ठणठणीत!"

"मग दिसत नाही ती?"

"आता तिचं वय झालं ना आजी. बसून हुकूम सोडते."

"सोडणारच! मेली आम्हाला कधी कोंबांचा भाव पाडू द्यायची नाही." आजी हसली, आणि हसता हसता तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मनगट मात्र सोडलं नाही. "सुटलीस की घरी जा हो," ती हळूच म्हणाली.

तीन वाजता इस्पितळ. काका खालीच थांबले. जिन्यात तिनं लाल जाकीट काढून पर्समध्ये कोंबलं, त्याखाली कागद चुरगळल्याचा आवाज आला. चिंग-हे दाराबाहेर बाकावर बसला होता.

"झोपलीय," तो म्हणाला. मग, "ताई, एक विचारू? तू आईसाठी थांबलीयस की मतदानासाठी?"

उत्तर माहीत असतं तर तिनं भांडण तरी केलं असतं.

आत पांढरी चादर, उशाशी कुणी आणलेली पिवळी शेवंती. आईचा चेहरा छोटा झालेला, डोळे मिटलेले, फोटोत असतो तसा शांत. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. टाचा जुळल्या, हात मांडीला चिकटले आणि ती वाकली. दुसऱ्यांदाही वाकली. तेव्हा कुठे तिला कळलं आपण काय करतोय; मान तशीच अर्धवट, वर करायचं बळ नाही... जिवंत माणसासमोर! आईसमोर!

"मानेतून," पलंगावरून आवाज आला.

आई बघत होती. किती वेळ, कोण जाणे. ओठ कोरडे, डोळे मात्र गाळ्यावरचे.

"आई, मी... माझं चुकून—"

"कमरेतून. किती वेळा सांगायचं?" दम लागला, ती थांबली. "राहिलंय ना अजून एकदा?"

स्यू-लुआननं दाराकडे बघितलं नाही. ती वाकली— कमरेतून, सावकाश, पाठीवर हात असल्यासारखी. पर्स खांद्यावरून घसरून जमिनीवर पडली आणि तिनं ती पडू दिली. खाली फरशी होती, पलंगाचं चाक होतं. बावीस, दहा, अकरा, तीन... आकडे येतील म्हणून ती वाट बघत राहिली. ते आले नाहीत. फक्त रडू येत होतं, आणि ते कुणाला दिसत नव्हतं. वर कधी उठायचं, ते आता आईच सांगेल असं तिला वाटलं.