मागच्या सीटवरचा तंबोरा

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट लहानशीच आहे, पण मोठ्याने सांगायची नाही.

एक म्हातारा फिटर होता. जन्मभर लोकांच्या गाड्या बऱ्या केल्या आणि स्वतःची कण्हत ठेवली, त्यातला. आठवडाभर बोलायला भिंती. रविवारी तेवढा गाडी काढून तो दूरवर कीर्तनाला जाई. तिथे कुणीतरी “या फिटरकाका” म्हणे. त्या दोन शब्दांवर त्याचा आठवडा निघे.

गाडी मागून घुंई करायची. वेग दिला की सूर चढे, पाय उचलला की बसे. वळणावर बदलत नसे, म्हणजे दोष चाकांच्या बेअरिंगचा नाही. दुखणं मागच्या दोन्ही चाकांना फिरवणाऱ्या मधल्या डिफरन्शियलचं. हे त्याला कधीचं कळलं होतं. पण मागे बसून बायको त्याच सुरावर पद धरायची. “हात लावू नका हो,” म्हणायची, “देवाने धाडलेला तंबोरा आहे!”

ती जाऊन वर्ष झालं. परवा त्याने तेल काढलं, तर त्यात लोखंडाची चमचम. आणखी चालवली असती तर चाकं वाटेतच जखडली असती, आणि रविवार कायमचा बुडाला असता.

लेक फोनवर म्हणाली, “बाबा, भंगारात द्या ते धूड.”

“मग आधी मला दे. जास्त गंज माझ्यावर आहे.”

मागची चाकं उचलून, लोखंडी घोड्यांवर टेकवून तो गाडीखाली शिरला. आतल्या बेअरिंगच्या टोप्या दोन. डावीची डावीकडेच बसवायची, उजवीची उजवीकडे. अदलाबदल झाली की सगळं मुसळ केरात. पूर्वी लोकांच्या गाड्या उघडताना बायको एकेका हातात एकेक धरून मूर्तीसारखी बसायची. “आणि नाक खाजलं तर?” विचारायची.

सवयीने त्याने टोपी बाहेर धरली. घ्यायला कुणी नव्हतं. हात तसाच राहिला. मग तो उठला, दाराशी तिच्या चपला होत्या त्या घेऊन आला. डावी टोपी डाव्या चपलेत, उजवी उजव्या.

झिजलेली बेअरिंग बदलली. दात एकमेकांत नीट बसतात का पाहायला त्यांना रंग लावून चक्र फिरवलं. ठसा बरोबर दाताच्या मधोमध उमटला. काम चोख झालं होतं.

रविवारी गाडी निघाली, आणि मागून काहीच येईना. त्याने आरशात पाहिलं. घसा खाकरून तिचं पद धरलं, पण सूर कुठला घ्यायचा तेच कळेना. दुसऱ्या ओळीला त्याने तोंड मिटलं.

“या फिटरकाका!” दारातला म्हणाला. “आज घुंई ऐकू आली नाही. वाटलं, येत नाही तुम्ही.”

“बरी झाली ती,” फिटर म्हणाला आणि नेहमीसारखी शेजारची जागा सोडून बसला.

तुम्ही कधी बिनआवाजाच्या गाडीत मागे बसलात, तर त्या माऊलीची आठवण काढा. आणि येत असेल, तर एखादी ओळ गुणगुणा. पुढे कुणीतरी ऐकत असतं.