वाचनालयाचा काना

मी तिसरीत होते तेव्हाची गोष्ट. मोहन्याला एका चाळीत आम्ही राहायचो आणि माझे बाबा, देवराम पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. रविवारी ते मला सोबत न्यायचे. पत्र्यावर खडूने रेघ मारायचे, दुकानदाराने लिहून दिलेली मजकुराची चिठ्ठी समोर टाचायचे आणि एकेक अक्षर असं काढायचे की जाणारीयेणारी माणसं थांबून बघायची. मी रंगाचा डबा धरून पाटी वाचत बसायचे.

शाळेत मी वाचनात मागे होते. पुस्तकातले धडे चित्रं बघून पाठ असायचे, नवा उतारा दिला की अडायचं. पाटी मात्र जमायची, कारण ती माझ्यासमोर हळूहळू तयार व्हायची. आधी उ, मग पा, मग हा. पुढचं अक्षर येईपर्यंत मागचं तोंडात घोळवायला वेळ मिळायचा. ‘उपाहारगृह’ पूर्ण झालं तेव्हा मी ते चारपाच वेळा म्हटलं आणि बाबांना अर्थ विचारला. ते म्हणाले, मालकाला विचार. मालकाने अर्थ सांगितला, वर बटाटावडाही दिला. ‘दुग्धालय’, ‘विक्रेते’, ‘सौजन्य’ हे सगळे शब्द मला असे दुकानदारांकडून मिळाले. घरी आल्यावर मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे. बाबा दर वेळी दुसऱ्याकडे पाठवतात याचं मला कधी नवल वाटलं नाही. ते मुळातच कमी बोलायचे.

त्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या बुद्धविहाराने एका खोलीत पुस्तकं ठेवायचं ठरवलं. विहाराचं काम बघणाऱ्या धम्मपाल सरांनी बाबांना पाटीचा मजकूर लिहून दिला. निळ्यावर पांढरी अक्षरं. बाबा त्या दिवशी नेहमीपेक्षाही जपून हात चालवत होते. ‘सार्वजनिक’ वाचायला मला बराच वेळ लागला. पुढचा शब्द वाचून मी थांबले.

“बाबा, वचनालय म्हणजे एकवचन-अनेकवचन शिकवतात ते का?”

मी थट्टा करत नव्हते. सुट्टी लागायच्या आधी बाईंनी वचनच शिकवलं होतं. बाबांनी चिठ्ठी पाहिली, पाटी पाहिली, परत चिठ्ठी पाहिली. चिठ्ठीची घडी नेमकी ‘वा’वर पडून काना पुसून गेला होता. वाचणाऱ्या कुणाच्याही ते लक्षात आलं असतं.

“काय पाहिजे होतं तिथं?” त्यांनी विचारलं.

“वाचनालय. व ला काना.”

“कुठं? हात लावून दाखव.”

मी दाखवलं. रंग ओलाच होता. त्यांनी फडकं टर्पेन्टाइनमध्ये बुडवून अख्खा शब्द पुसला आणि पुन्हा काढायला घेतला. अर्ध्यावर आल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाले, “मला वाचता येत नाय, माया. मी नुसतं बघून काढतो.”

मला आधी रागच आला. रोज संध्याकाळी ते माझी वही उघडून पानांवरून नजर फिरवायचे आणि छान म्हणायचे, ती सगळी पानं आठवली. मग धम्मपाल सरांना हे कळलं तर, अशी भीती वाटली. घरी आईला हळूच विचारलं. ती भाकऱ्या थापत म्हणाली, लग्न झालं तेव्हापासून तिला ठाऊक होतं. आजोबा गेल्यावर बाबांची शाळा सुटली ती सुटलीच.

वाचनालय सुरू झालं त्या दिवशी मी तिथून एक पातळसं गोष्टींचं पुस्तक आणलं आणि बाबांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिलं पान उघडलं. अक्षरांची वळणं त्यांना माझ्यापेक्षा चांगली माहीत होती, फक्त त्यांचे उच्चार माहीत नव्हते. म्हणून ते भरभर शिकले. जोडाक्षराशी मात्र हमखास अडायचे. वाचूनही अर्थ लागला नाही की आम्ही दोघं सरांकडे जायचो आणि विचारायचं काम माझं असायचं. त्यांना शिकवता शिकवता माझंच वाचन सुधारलं. वार्षिक परीक्षेत बाईंनी न पाहिलेला उतारा पुढे केला, तो मी न अडखळता वाचला.

पुढे फ्लेक्स आले आणि हाताने पाट्या रंगवून घेणारं कुणी राहिलं नाही. बाबा एका शाळेत शिपाई म्हणून लागले. नोटीस वर्गावर्गात फिरवायच्या आधी ते स्वतः ती दोनदा वाचायचे, असं आई हसत सांगायची.

आता ते आमच्याकडे कोपरला असतात. मी कामाला ठाण्याला जाते. माझी मुलगी पायल शाळेतून आली की बाबा तिला पेपर वाचून दाखवतात. अजूनही सावकाशच वाचतात. एकही शब्द गाळत नाहीत. अडला की दोघं शब्दकोश काढून बसतात. पायल इंग्रजी माध्यमात आहे. तिच्या टीचरने मला विचारलं की मराठीची ट्यूशन कुठे लावलीय.

परवा संध्याकाळी घरी आले तर जिन्यात अंधार. पायल दारातच उभी होती. म्हणाली, “आई, वीजपुरवठा खंडित झालाय.”

मी म्हटलं, लाइट गेली म्हण की साधं. बाबा खिडकीशी, उरलेल्या उजेडात पेपर धरून बसले होते.

“तिचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “ये गं पायल, अजून अर्धा कॉलम राहिलाय.”